मोठ्या हॉटेलातले जेवण

या वर्षी आपण कोणत्या विषयावर बोलणार, असे व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विचारले, तेव्हा मी वर दिलेला विषय सांगितला. ते थोडा वेळ गप्पच राहिले. कामगार चळवळीतल्या माणसाने किमान वेतनावर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. त्याने काट्याचमच्यांवर बोलावे हे त्यांना चमत्कारिक वाटले असावे. आपल्यापैकीही काहींना तसे वाटले असेल. परंतु आजकाल आपल्यासारख्या बेताच्या स्थितीतल्या कुटुंबांतही वर्षाकाठी एखाददुसरा असा प्रसंग येतोच. मुलाला नोकरी लागते, मुलीचे लग्न ठरते, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला साठ किंवा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतात आणि मुले म्हणतात, “या वेळी जरा चांगल्या ठिकाणी जाऊ.” चांगले ठिकाण म्हणजे जेथे राइस प्लेट मिळत नाही; जेथे सूप, मग काहीतरी लहानसे, मग मासा, मग मुख्य पदार्थ, मग गोड, मग कॉफी अशी एकामागून एक वाढणी होते आणि जेवणाला दोन तास लागतात.

तेथे आपण जातो, पैसे आपले असतात, आणि तरीही चोरासारखे बसतो. असे का होते, ही जेवणाची पद्धत मुळात आली कोठून, ती चालते कशी, आणि बिलावर आपण जे पैसे मोजतो ते कोणाच्या हाती पडतात, एवढ्या चार गोष्टी मला आज सांगावयाच्या आहेत. मी काही पाकशास्त्राचा जाणकार नाही. कोणतीही कामाची जागा दिसली की तेथे काम कोण करतो आणि दाम कोणाला मिळतो हे पाहण्याची मला सवय आहे, तेवढ्याच अधिकारावर बोलत आहे.

एक संध्याकाळ

आधी माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझे वडील मुंबईत कापड गिरणीत साच्यावर कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्या संपानंतर वडील पुन्हा गिरणीच्या फाटकातून आत गेले नाहीत. माझे शिक्षण दहावीला थांबले. पुढे जे काही शिकलो ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला नोकरी लागली. पहिल्या पगारातून तिने आम्हा चौघांना, म्हणजे मला, पत्नीला, धाकट्या मुलाला आणि माझ्या आईला, जेवावयास नेले. ते हॉटेल परळच्या बाजूला एका जुन्या गिरणीच्या आवारात होते. गिरणगावातल्या कित्येक गिरण्यांच्या जागी आज दुकाने, कचेऱ्या आणि हॉटेले उभी आहेत हे आपल्याला ठाऊकच आहे. आई आवारात थांबली, वर पाहिले आणि म्हणाली, “ह्यांची नव्हे ही गिरणी. पण भिंती अशाच होत्या.” मग आम्ही आत गेलो.

मेनूचे पुठ्ठ्याचे पान माझ्या हाती आले. त्यातले निम्मे शब्द मला वाचता येत होते, पण कळत नव्हते. मालकांच्या वकिलांशी करारातल्या एकेका शब्दावरून तासन्‌तास वाद घालणारा मी, ते पान मुलीकडे सरकवून म्हणालो, “तूच सांग काय ते.” पहिली वाढणी संपली तेव्हा पत्नीने घरच्या सवयीने सर्वांच्या बश्या एकावर एक रचल्या, उष्टे एका बशीत काढले आणि ती थप्पी वेटरपुढे केली. वेटर कोल्हापूरकडचा तरुण मुलगा होता. तो खाली वाकून हळूच म्हणाला, “काकू, राहू द्या. तुम्ही उचललंत तर मला बोलणी बसतील.” तो सभ्यपणेच बोलला. पण पत्नीने हात मागे घेतले ते जेवण संपेपर्यंत मांडीवरच ठेवले. रात्री घरी आल्यावर ती म्हणाली, “जेवण चांगलं होतं. पण घरची म्हणून वागावं तर चुकतं, आणि पाहुणी म्हणून कसं वागायचं ते ठाऊक नाही. मग मी तिथे होते तरी कोण?”

या प्रश्नाला मला त्या रात्री उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी मी वाचू लागलो आणि हॉटेलांत काम करणाऱ्या मंडळींजवळ बसू लागलो. त्यातून जे हाती लागले ते आता सांगतो.

क्रमाने वाढण्याची पद्धत

प्रथम हे ध्यानात घेऊ की क्रमाने जेवणे ही काही साहेबाने आपल्याला शिकविलेली गोष्ट नव्हे. आपल्या पंगतीत पानावर प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते. वर मीठ, डाव्या बाजूस लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजव्या बाजूस भाजी, आमटी. आणि वाढण्याचाही क्रम असतो. आधी वरणभात आणि तूप, मग मसालेभात, मग पक्वान्न, आणि शेवटी ताकभात किंवा दहीभात. हलक्यावरून जडावर जावयाचे आणि शेवटी पोट शांत करावयाचे, हेच त्यातले तत्त्व आहे. मोठ्या हॉटेलातही सूप आधी येते, मासा मांसाच्या आधी येतो, क्वचित मध्येच आंबटगोड बर्फाचा घास देऊन जीभ स्वच्छ करतात आणि गोड शेवटी येते, त्यामागेही तेच तत्त्व आहे.

मौज अशी की युरोपातल्या श्रीमंतांच्या घरी पूर्वी ही पद्धत नव्हती. फ्रेंच सरदारांकडे मेजवानी असली की दोनतीन फेऱ्यांत अन्न येई आणि प्रत्येक फेरीचे सगळे पदार्थ एकाच वेळी टेबलावर मांडले जात. थाट मोठा दिसे. पण ज्याच्या हाताशी जे असेल ते त्याने खावयाचे. मानाच्या जागेजवळ बसलेल्याला उत्तम पदार्थ मिळत, आणि अन्न बहुधा निवून जाई. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये दुसरी पद्धत आली. तिला रशियन पद्धत म्हणतात आणि ती तेथे आणण्याचे श्रेय पॅरिसमधील रशियाचा वकील प्रिन्स कुराकिन याला देतात. या पद्धतीत अन्न आतच कापून, वाटे करून, एका वेळी एकच पदार्थ गरम गरम प्रत्येकापुढे येतो. त्या शतकाच्या अखेरीपर्यंत हीच रीत सगळीकडे रूढ झाली.

या बदलाचे दोन परिणाम झाले. टेबलावर अन्न दिसेनासे झाले. म्हणून रिकाम्या जागी फुले आणि दिवे आले, आणि पुढे काय येणार हे कळावे म्हणून पाहुण्यापुढे छापील कागद आला. मेनूकार्ड हा आपल्याला घाबरविण्यासाठी काढलेला कागद नव्हे. जे दिसत नाही ते कळावे म्हणून काढलेला आहे. दुसरा परिणाम माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा. टेबलावर एकदा मांडून मोकळे होण्याऐवजी प्रत्येक पदार्थ प्रत्येकाला नेऊन द्यावयाचा, त्याची बशी उचलावयाची, नवी ठेवावयाची, म्हणजे हात जास्त लागू लागले. आपण ज्याला थाट म्हणतो तो मुळात माणसांच्या श्रमाचा थाट आहे.

‘रेस्टॉरंट’ या शब्दाचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ शक्ती परत आणणारे, म्हणजे पौष्टिक सार. १७६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये असे सार विकणारी दुकाने निघाली. तेथे आपले टेबल स्वतंत्र, येण्याची वेळ आपली, पदार्थ कागदावर लिहिलेले आणि प्रत्येकाची किंमत समोर दिलेली. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर अशा जागांची संख्या वाढत गेली. जे अन्न पूर्वी सरदाराच्या वाड्यात निमंत्रण असेल तरच मिळे, ते आता पैसे मोजणाऱ्या कोणालाही मिळू लागले.

आपण पंगतीचे गोडवे गातो, पण पंगतीत कोणी कोठे बसावे आणि कोणी बसूच नये हे जन्मावरून ठरत होते, हे विसरून चालणार नाही. वाढणाऱ्याच्या हातावरूनही विटाळ मोजला जाई. उपाहारगृहाच्या टेबलाने तो प्रश्न निदान कायद्याने तरी निकालात काढला. येथे कुळी विचारीत नाहीत, खिसा विचारतात. हा न्याय अर्धाच आहे हे मला मान्य आहे. तरीही त्या अर्ध्या न्यायावर आपला हक्क आहे. म्हणून तेथे संकोचून बसण्याचे काही कारण नाही.

दारापलीकडची गिरणी

आता स्वयंपाकघराचे दार ढकलून आत पाहू. आजच्या मोठ्या हॉटेलाच्या स्वयंपाकघराची घडी ज्याने बसविली तो ओग्युस्त एस्कोफिये हा फ्रेंच आचारी. याचा जन्म १८४६ चा. तेराव्या वर्षी तो नीस शहरात चुलत्याच्या हॉटेलात उमेदवारीला लागला. १८७० च्या युद्धात त्याने सैन्यासाठी स्वयंपाक केला. १८९० मध्ये तो लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आला. पूर्वी मोठ्या स्वयंपाकघरात विभाग असत, पण एकेक विभाग आपापला पदार्थ आरंभापासून शेवटपर्यंत करी, म्हणून वेळ लागे. एस्कोफियेने कामाची वाटणी केली. एकाकडे रस्से आणि सॉस, एकाकडे भाजणे, एकाकडे मासे, एकाकडे भाज्या, एकाकडे थंड पदार्थ, एकाकडे गोड. आणि या सर्वांवर एक मुख्य. या रचनेला त्याने लष्करातलाच ‘ब्रिगेड’ हा शब्द दिला.

गिरणीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. कापूस पिंजणारा वेगळा, सूत कातणारा वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, साच्यावरचा वेगळा. सबंध कापड कोणीच विणीत नाही, आणि तरी कापड बाहेर पडते. येथेही तसेच. आम्ही पाच माणसांनी पाच निरनिराळे पदार्थ मागितले आणि पाचही बश्या एकाच क्षणी टेबलावर आल्या, याचे मला त्या संध्याकाळी नवल वाटले होते. त्याची रीत अशी. वेटर आपली मागणी लिहून घेतो. तिच्या चिठ्ठीला हॉटेलात ‘केओटी’ म्हणतात. तिची एक प्रत स्वयंपाकघरात जाते, एक बिल करणाराकडे. आत एक जबाबदार माणूस ती चिठ्ठी पाहून पुकारा करतो. ज्या पदार्थाला पंचवीस मिनिटे लागतात तो आधी चढतो, ज्याला दहा लागतात तो नंतर. सगळे एका वेळी तयार होऊन एका फळीवर येतात आणि तेथून वेटर ते उचलतो. मागची बशी टेबलावरून उठली की पुढचा पुकारा होतो. बाहेर आपल्याला जी निवांत शांतता वाटते, ती आतल्या मिनिटामिनिटाच्या घाईतून निघालेली असते.

एस्कोफियेचा मोठा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरला मुंबईत जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल उघडले. ही पद्धत आपल्याकडे अशा मोठ्या हॉटेलांतून रुजली आणि तेथे शिकलेल्या माणसांबरोबर पुढे लहानमोठ्या ठिकाणी गेली. याच एस्कोफियेने १९१० मध्ये परस्पर साहाय्याने दारिद्र्य कसे नाहीसे करता येईल यावर एक पुस्तिका लिहिली होती. राजेरजवाड्यांना जेवू घालणाऱ्या माणसाला तो विचार सुचावा, याचे मला नवल वाटले नाही. तेरा वर्षांचा उमेदवार असताना त्याने दाराची आतली बाजू पाहिली होती.

त्या आतल्या बाजूचे वर्णन ज्यांना वाचावयाचे असेल त्यांनी जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाचे ‘डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन’ हे १९३३ सालचे पुस्तक अवश्य पाहावे. हा लेखक जन्मला आपल्याच बिहारमधील मोतीहारीस. पॅरिसमध्ये हाती पैसा उरला नाही तेव्हा त्याने एका मोठ्या हॉटेलात भांडी घासली. झगझगीत दिवाणखाना आणि ओली, घाणेरडी मोरी यांच्यामध्ये अंतर एका दाराचे, हे त्याने स्वतः पाहून लिहिले आहे. आज चांगल्या हॉटेलांची स्वयंपाकघरे पुष्कळ स्वच्छ झाली आहेत. परंतु ते दार अजून तेथेच आहे. हॉटेल कामगार मला सांगतात की त्यांच्या कामातली सगळ्यात जाचक गोष्ट म्हणजे तुटक पाळी, जिला ते ‘ब्रेक शिफ्ट’ म्हणतात. दुपारच्या जेवणासाठी अकरा ते साडेतीन आणि पुन्हा रात्रीसाठी सात ते बारा. मधल्या तीनसाडेतीन तासांचा पगार नाही, आणि कल्याण-विरारकडे राहणाऱ्याला तेवढ्यात घरी जाऊन परत येणे शक्य नाही. मग तो आवारातच कोठेतरी पाठ टेकतो. आपण रात्री साडेअकराला शेवटची कॉफी मागतो तेव्हा त्याची शेवटची लोकल कितीची आहे, हे आपल्या ध्यानात नसते.

टेबलावर बसल्यावर

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. यांत शिष्टाचाराचे स्तोम माजवावयाचे नाही; प्रत्येक रीतीमागचे कारण कळले की भीती जाते.

काटे, सुऱ्या, चमचे पुष्कळ असतात. बाहेरच्या बाजूने आरंभ करावयाचा आणि आत यावयाचे. कारण ते वाढणीच्या क्रमाने मांडलेले असतात. खाणे संपले की काटा व सुरी बशीत शेजारी शेजारी ठेवाव्यात. ती वेटरला दिलेली खूण आहे. तोंडाने सांगावे लागत नाही आणि अर्धी बशी उचलली जात नाही. बश्या रचू नयेत, यामागेही कारण आहे. वेटरला त्या ठराविक रीतीने हातावर घेण्याची शिकवण असते. आपण रचलेली थप्पी निसटण्याचा संभव असतो, आणि पाहुण्याला काम करावे लागले असे वरिष्ठाला दिसले तर त्याला ऐकून घ्यावे लागते. पत्नीला हे मी नंतर समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, “हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी कशाला हात लावला असता?”

मेनूवर ‘आ ला कार्त’ असे असेल तर प्रत्येक पदार्थाची किंमत वेगळी. ‘ताब्ल दोत’ किंवा ठरीव जेवण असेल तर सबंध जेवणाची किंमत एकच. कुटुंबाला घेऊन जाताना दुसरा प्रकार बरा, कारण बिल किती होणार हे बसतानाच कळते. शब्द कळला नाही तर खुशाल विचारावे. ‘आंत्रे’ हाच शब्द फ्रान्समध्ये आरंभीच्या पदार्थाला लावतात आणि अमेरिकेत मुख्य पदार्थाला. तेव्हा न कळणे ही काही लाजेची बाब नव्हे. पाण्याची बाटली उघडण्यापूर्वी किंमत विचारावी, नको असेल तर साधे पाणी मागावे. हाताने खावेसे वाटले तर खावे. पोळी किंवा भात हाताने खाणाऱ्याला उठवून लावण्याचा अधिकार कोणाला नाही.

आणि एक गोष्ट बसण्यापूर्वीच करावी. बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता कोठे आहे ते पाहून ठेवावे. २९ डिसेंबर २०१७ च्या पहाटे मुंबईच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतली काही वाढदिवस साजरा करण्यास आलेली होती. आमच्या गिरण्यांत आग लागली की आम्ही फाटकाचा प्रश्न विचारीत असू; तो येथेही विचारलाच पाहिजे.

बिलाचा कागद

आता बिल. समजा, पाच माणसांच्या जेवणाचे ६००० रुपये झाले. साध्या उपाहारगृहात त्यावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३०० रुपये, एकूण ६३००. ज्या हॉटेलांत राहण्याच्या खोल्यांचे भाडे दिवसाला ७५०० रुपयांहून अधिक असते, तेथील उपाहारगृहांत हा कर १८ टक्के असतो. हा कर सरकारचा. त्याबद्दल हॉटेलशी भांडण नाही. पण पुष्कळदा मध्ये एक ओळ असते : सेवा आकार १० टक्के. म्हणजे आणखी ६०० रुपये, आणि त्या ६०० वर पुन्हा ५ टक्के कर धरून ३० रुपये. बिल होते ६९३०.

हा सेवा आकार कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या की सेवा आकार बिलात आपोआप लावू नये, दुसऱ्या नावाने घेऊ नये, न दिल्याबद्दल प्रवेश नाकारू नये आणि त्यावर जीएसटी आकारू नये. द्यावयाचा तर ग्राहकाने स्वखुशीने द्यावा. हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून या सूचना ग्राह्य ठरविल्या. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आमच्या त्या संध्याकाळच्या बिलावर ही ओळ होती. तेव्हा हे प्रकरण न्यायालयात चालू होते. मी कॅप्टनला बोलावून ती ओळ काढण्यास सांगितले. तो म्हणाला, “सर, हे पैसे स्टाफला जातात.” मी म्हणालो, “मग मी स्टाफलाच देतो.” ओळ निघाली. मी पाचशे रुपये त्या कोल्हापूरच्या मुलाच्या हातावर ठेवले आणि मोठ्या ऐटीत बाहेर पडलो. मुलगी रागावली होती. “बाबा, माझ्या पार्टीतसुद्धा तुम्ही वाटाघाटी केल्या!” असे म्हणाली.

पुढे काही महिन्यांनी हॉटेल कामगारांच्या एका बैठकीत मी ही हकीकत अभिमानाने सांगितली. मोरीत काम करणारा एक गृहस्थ शांतपणे म्हणाला, “साहेब, ओळ काढलीत ते बरोबरच केलंत. पण ते पाचशे माझ्यापर्यंत आले नसते. मी कुणाला दिसतच नाही.” मला त्यावर बोलता आले नाही. तीस वर्षे मी कामगारांची बाजू मांडीत आलो, आणि त्या रात्री मी फक्त दिसणाऱ्या कामगारालाच पाहिले होते.

टिप म्हणजे पगार नव्हे, ही गोष्ट कायद्यानेही सांगितली आहे. २०१६ मध्ये आयकराच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की ग्राहकाने स्वखुशीने दिलेली आणि हॉटेलने गोळा करून वाटलेली टिप ही मालकाने दिलेल्या पगारात मोडत नाही. व्यवहारात याचा अर्थ असा की टिपेवर प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारीपणाच्या रजेत ती मिळत नाही. ज्याची निम्मी कमाई टिपेवर आहे त्याचे म्हातारपण निम्मे उघडे आहे.

इतर देशांनी हा प्रश्न निरनिराळ्या रीतीने हाताळला आहे. फ्रान्समध्ये १९८७ पासून मेनूवरच्या किमतीतच सेवेचा मोबदला धरलेला असावा लागतो. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्याने मालकाला टिपेतला एक पैसाही स्वतःकडे ठेवता येत नाही आणि वाटप न्याय्य करावे लागते. उलट अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यावयाचे केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवरच थांबलेले आहे; बाकीचे ग्राहकाच्या मर्जीवर सोपविलेले. मला स्वतःला फ्रान्सची रीत पटते. पदार्थाच्या किमतीत वाढणाऱ्याचा, शिजविणाऱ्याचा आणि घासणाऱ्याचा पगार असावा. त्यासाठी किंमत थोडी वाढली तरी चालेल. पण ती किंमत आधी कागदावर दिसावी, जेवून झाल्यावर नव्हे.

वाढणाराच मालक

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, हॉटेलच्या धंद्यात हे असेच चालावयाचे. तसे नाही. आपल्याच देशात कॉफी बोर्डाची कॉफी हाउसे बंद पडू लागली आणि कामगारांवर बेकारीची पाळी आली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या सल्ल्याने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ती कॉफी हाउसे स्वतः चालविली. तुरेवाला फेटा बांधून जो माणूस तेथे कॉफी आणून ठेवी, तोच संस्थेचा सभासद असे. मुंबईत गिरणी कामगारांना डबे आणि जेवण पुरविणाऱ्या खानावळवाल्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि सावकाराच्या हातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले. माझे वडील लग्नापूर्वी अशाच एका खानावळीत जेवत. ही उदाहरणे पंचतारांकित जेवणाची नाहीत हे खरे. पण जेवू घालणाऱ्याला मान आणि भाकरी दोन्ही मिळू शकतात, एवढे त्यांतून सिद्ध होते.

तर मग आपण काय करावे? मोठ्या हॉटेलात जाऊ नये असे मी म्हणणार नाही. जावे. आपल्या कष्टाच्या पैशाने, घरच्या सर्वांना घेऊन, ताठ बसून जेवावे. न कळेल ते विचारावे. वेटरला ‘अरे ए’ म्हणून हाक मारू नये, चुटकी वाजवू नये. सेवा आकार लावला असेल तर तो काढावयास सांगावा; टिप द्यावयाची असेल तर स्वखुशीने द्यावी, पण देताना ती आत काम करणाऱ्यांपर्यंत जाते का हे विचारावे. बंद होण्याच्या वेळेआधी अर्धा तास उठावे. आणि हॉटेल कामगार आठ तासांची सलग पाळी मागत असतील तर ती मागणी आपलीही समजावी, कारण ते आपल्याच पानावर वाढीत आहेत.

गेल्या वर्षी आईला ऐंशी वर्षे पूर्ण झाली तेव्हा आम्ही पुन्हा एका मोठ्या हॉटेलात गेलो; पहिले नव्हे, दुसरे. पत्नीने मेनू स्वतः हाती घेतला, दोन शब्दांचे अर्थ विचारले, काटा-सुरी बशीत नीट ठेवली आणि बशीला हात लावला नाही. निघताना ती वेटरला म्हणाली, “बाळा, आत भांडी घासायला कोण असतं? त्यांना सांग, जेवण छान झालं.” तो मुलगा क्षणभर पाहतच राहिला. मग म्हणाला, “सांगतो, काकू.” त्याने ते सांगितले की नाही हे आम्हाला कळले नाही. पण मागे पत्नीने जो प्रश्न मला विचारला होता, तो त्या रात्री तिने पुन्हा विचारला नाही.